सुई उडते तिथं

बसा, सेन्योर. वाऱ्याकडं पाठ करून बसा,
मिंदेलोत धूळ आधी पाहुण्याच्या डोळ्यांत जाते.
लिस्बनहून एवढ्या लांब आलात काळ्या तबकड्यांसाठी,
तर कॉफी घ्या आधी. भाव मग.

ही लाल लेबलाची न्या.
हिच्यावर माझी बहीण झुल्मिरा नाचायला शिकली,
खुर्चीशी. खुर्ची अजून आहे, एक पाय कमी.
ही दुसरी खिडकीत राहिली, उन्हानं वाकली.
सुई हिच्यावर होडीसारखी चढते-उतरते,
आणि मावशी शपथेवर सांगायची,
ऐकताना मळमळतं म्हणून.
तिला समुद्र लागायचा, जमिनीवरसुद्धा.
हिचे पैसे देऊ नका.

ही ट्रम्पेटवाली न्हो बाल्ताझारची.
ते वारले त्या आठवड्यात आमच्याकडं होती,
मग राहूनच गेली. मागायला कुणी आलं नाही.
लावली की मला अजून
उसनं आणलेलं पातेलं वापरल्यासारखं वाटतं.

आणि ही.
हिला हात लावू नका अजून.

ही बाबांनी रॉटरडॅमहून धाडली, त्र्याहत्तर साली,
दोन स्वेटरांच्या मधे घालून.
मिंदेलोत स्वेटर!
इंजिनखोलीत तेल घालायचे ते,
पत्रात चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या.
बाकीचं तबकडीनं सांगायचं.
अनिल्दूनं हिच्यावर माशाचा काटा फिरवला.
सुईनं आवाज येतो तर काट्यानं का नाही?
चार वर्षांचा होता. आईनं मारलं नाही,
तबकडीवर फुंकर घातली, गुडघा फुटल्यावर घालतात तशी.

तेव्हापासून तिसऱ्या कडव्यात सुई उडते.
एक शब्द जातो.
सुईच्या डोक्यावर एस्कुदोचं नाणं ठेवून पाहिलं, दोन ठेवून पाहिली.
जातोच.
मग आम्ही तिथं आपापलं घालायला लागलो.
झुल्मिरा एका मुलाचं नाव, दर महिन्याला वेगळं.
अनिल्दू 'बकरी'.
मावशी 'पाणी', कारण तेव्हा डब्यामागं पैसे पडायचे.
आई काहीच नाही. त्या जागी ती
काशुपाच्या पातेल्यावर डाव आपटायची.
ठक्.
आणि गाणं पुढं.

बाबा तीन वर्षांनी आले.
रविवार होता, सगळे गात होतो,
आणि तिसऱ्या कडव्यात बाबा मागं राहिले.
ते अख्खी ओळ गात होते,
आम्ही केव्हाच पुढं गेलेलो.
आम्ही हसलो, सेन्योर. पोरं होतो.
"बाबा, तुम्हाला गाणं येत नाही."
ते गप्प झाले. आईकडं पाहिलं.
आई डाव धरून उभी.

रजा दीड महिन्याची होती.
पाचव्या की सहाव्या रविवारी
बाबांनी आमच्यासोबत बरोबर उडी मारली,
आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.
मंगळवारी त्यांची बोट सुटली.

तो शब्द मला कळला परवा-परवा,
लेकीकडं रॉटरडॅमला गेले तेव्हा.
खालच्या दुकानात हीच लावलेली,
धडधाकट, एकही ओरखडा नाही.
मी भाजीची पिशवी खाली ठेवली.
वाटलं होतं, काहीतरी मोठं असेल,
ज्याच्यासाठी माणूस ओळीत मागं थांबतो.
'आणि' होता.
नुसता 'आणि'.
दुकानदार म्हणाला, बाई, बरं वाटत नाही का?
मी म्हटलं, तुमची तबकडी अडखळते.

तुमच्या वहीत काय लिहिताय हिच्यासमोर?
'सदोष'. बरं, लिहा. अक्षर छान आहे तुमचं.
ही इथंच राहील.
बाकीच्या बांधून देते, सुतळी कुठं ठेवलीय बघते.
आणि त्या ट्रम्पेटवालीच्या मागं
न्हो बाल्ताझारचं नाव तेवढं लिहून ठेवा,
कुणी मागायला आलंच तर.